हुर्यो उडवण्याआधी
मेपल लीफ्सच्या मराठी चाहत्यांना खुलं पत्र

लीफ्सवर जीव टाकणाऱ्या मंडळींनो,



लीफ्सच्या बचावफळीवरचा वाद टोरांटोच्या रेडिओवर इंग्रजीत दिवसभर चालतो. पंजाबी मंडळींना २००८ पासून त्यांच्या भाषेत हॉकीचं समालोचन ऐकायला मिळतं. आपण हा वाद घालतो तो ब्रॅम्प्टन-मिसिसागाच्या बेसमेंटांत टीव्हीसमोर, नाहीतर गणपतीच्या कार्यक्रमानंतर पार्किंगमध्ये, हातात प्रसादाचा डबा घेऊन. समोर आपलाच माणूस असतो, त्यामुळे तोंड जरा जास्तच सुटतं. त्या तोंडसुखाला सगळ्यात जास्त बळी पडतो तो दुसऱ्या संघातून नव्याने आलेला बचावपटू. त्याच्या वतीने नाही, पण त्याच्याबद्दल, चार गोष्टी लिहितो आहे.

त्याची कुंडली आपण किती पटकन मांडतो पाहा. आला की पहिला आठवडा कौतुकाचा. मग एका संध्याकाळी त्याच्या स्टिकवरून पक निसटतो आणि समोरचा गोल करतो. आठवड्याने पुन्हा तसंच. महिनाभरात निकाल लागतो: हा संपलेला माणूस आहे, याला कुणी आणला, याचा पगार बघा. आणि मग ती वेळ येते, जेव्हा त्याला नुसता पक मिळाला तरी घरच्याच मैदानात हुर्यो उडते. टीकेबद्दल माझी तक्रार नाही, पैसे मोजून तिकीट काढणाऱ्याने टीका करावीच. माझं म्हणणं एवढंच, की बचावपटूच्या बाबतीत आपण डोळ्यांना दिसतं तेवढंच मोजतो, आणि त्याला कसा वापरला जातोय याचा हिशेब त्याच्या नावावर लिहितो.

या शहराने हे एकदा फार मोठ्या माणसाच्या बाबतीत करून दाखवलं आहे. लॅरी मर्फी. तुमच्यातले जे नव्वदीत इथे आले त्यांना आठवत असेल, तरुणांना फक्त नाव माहीत असेल.

मर्फी स्कारबरोचा, म्हणजे घरचाच मुलगा. १९८०-८१ मध्ये लॉस एंजलिसकडून पहिल्याच हंगामात त्याने ७६ गुण मिळवले, नवख्या बचावपटूने तोवर तेवढे कधी मिळवले नव्हते. पिट्सबर्गबरोबर १९९१ आणि १९९२ असे लागोपाठ दोन स्टॅनले कप. १९९५च्या हंगामाअखेर लीगच्या दुसऱ्या ऑल-स्टार संघात निवड. आणि त्याच उन्हाळ्यात लीफ्सनी दिमित्री मिरोनोव्ह आणि दुसऱ्या फेरीची निवड देऊन त्याला टोरांटोत आणलं. चौतिशीतला, दोन कप जिंकलेला, गावचा माणूस घरी परत आला. याहून चांगली गोष्ट कुठली?

पहिल्या हंगामात त्याने ६१ गुण केले. आज एखाद्या बचावपटूने लीफ्ससाठी ६१ गुण केले तर आपण त्याच्या नावाचे मोदक वाटू. पण मर्फीचा खेळ डोळ्यांत भरणारा नव्हता. तो वेगवान नव्हता. तो कुणाला बोर्डवर आपटत नव्हता. दडपण आलं की शांतपणे पक काचेवर उंच उडवून मधल्या पट्ट्यात सोडून द्यायचा, आयसिंग होणार नाही एवढ्याच बेताने. या युक्तीला हॉकीत त्याचंच नाव पडलं आहे. मेपल लीफ गार्डन्समधल्या प्रेक्षकाला मात्र त्यात घाबरटपणा दिसला. संघ घसरणीला लागला होता. १९९७च्या फेब्रुवारीत कर्णधार डग गिलमोरही न्यू जर्सीला गेला. राग कुणावर तरी निघायला हवा होता. पगार मोठा, पाय संथ आणि खेळ सौम्य, तिन्ही गोष्टी एकाच माणसात सापडल्या. मर्फीच्या स्टिकला पक लागला की गार्डन्समध्ये हुर्यो सुरू व्हायची.

मार्च १९९७ मध्ये लीफ्सनी त्याला डेट्रॉईटला देऊन टाकलं. बदल्यात 'पुढे काहीतरी बघू' एवढंच ठरलं, म्हणजे जवळजवळ फुकट.

डेट्रॉईटचा प्रशिक्षक होता स्कॉटी बोमन. १९९२चा पिट्सबर्गचा कप त्याच्याच हाताखाली जिंकलेला, त्यामुळे मर्फीला काय येतं आणि काय येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने मर्फीला निकलस लिडस्ट्रोमच्या जोडीला लावलं. त्या जून महिन्यात अंतिम फेरीत समोर फिलाडेल्फिया. एरिक लिंड्रोस, जॉन लक्लेअर, मिकाएल रेनबर्ग, तीन धिप्पाड माणसांची फळी. सगळ्यांचा अंदाज असा की बोमन त्यांच्या अंगावर व्लादिमीर कॉन्स्टान्टिनोव्हसारखा हाणामारीचा गडी सोडणार. बोमनने सोडले लिडस्ट्रोम आणि मर्फी. दोघंही अंगाला अंग न लावणारे. त्यांनी त्या फळीशी धक्काबुक्की केलीच नाही. पक आधी गाठायचा, एक नीट पास द्यायचा आणि मोकळं व्हायचं. धडक मारायला समोर कुणी थांबतच नव्हतं. लिंड्रोसला संपूर्ण मालिकेत एकच गोल मिळाला, तोही चौथ्या सामन्याच्या शेवटच्या काही सेकंदांत, जेव्हा डेट्रॉईटचा कप जवळपास उचलून झाला होता. चार सामने, चार विजय.

पुढच्या वर्षी, १९९८ला, पुन्हा कप. मर्फीचा चौथा.

लक्षात घ्या, मार्च ते जून एवढ्या काळात छत्तीस वर्षांचा माणूस वेगाने स्केटिंग करायला शिकत नाही. मर्फी होता तसाच होता. बदलला तो जोडीदार, बदलली त्याच्याकडून असलेली अपेक्षा, आणि बाकामागे उभा असलेला माणूस. २००४ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला, रे बोर्क आणि पॉल कॉफीच्या बरोबरीने. हा हॉल कुठे आहे ते तुम्हाला सांगायला नकोच, यंग आणि फ्रंटच्या कोपऱ्यावर, म्हणजे त्याची हुर्यो उडवली त्याच शहरात. गंमत म्हणजे त्याला आणणारे आणि घालवणारे लीफ्सचे जनरल मॅनेजर क्लिफ फ्लेचर यांचाही सन्मान त्याच वर्षी, त्याच हॉलमध्ये झाला. नियती कधीकधी चांगली विनोदी असते.

मर्फीचा आणखी एक क्षण सांगतो. १९८७चा कॅनडा कप, हॅमिल्टन, सोव्हिएत संघाविरुद्ध तिसरा आणि निर्णायक सामना, ५-५. दीड मिनिटापेक्षा कमी वेळ उरलेला. ग्रेट्स्की डावीकडून पक घेऊन सुटतो, मागून लेमयू येतो, आणि लेमयूचा फटका जाळ्याच्या वरच्या कोपऱ्यात. हा गोल कॅनडात सगळ्यांना पाठ आहे. त्या चित्रफितीत सरळ गोलकडे धावत गेलेला तिसरा माणूस मर्फी आहे. त्याला पास मिळाला नाही. पण परतलेल्या एकुलत्या सोव्हिएत बचावपटूला त्याच्याकडेही लक्ष द्यावं लागलं, आणि लेमयूसमोर वाट मोकळी झाली. या धावेची नोंद कुठल्याच रकान्यात नाही.

बचावपटूचं बरंचसं काम असं नोंदीबाहेरचं असतं. फॉरवर्डने दहा संधी घालवल्या आणि अकरावीला गोल केला तर तो हिरो. बचावपटूने वीस वेळा पक सुखरूप बाहेर काढला आणि एकविसाव्यांदा फसला, तर आपल्या स्मरणात एकविसावी वेळ राहते. प्लस-मायनसवर तर जाऊच नका. समसमान खेळाडू असताना गोल खाल्ला की बर्फावरच्या पाचही जणांच्या नावावर उणे एक लागतं, चूक कुणाचीही असो.

आता नवा संघ म्हणजे काय होतं ते बघा. पक कोपऱ्यात जातो, बचावपटू तो आणायला मागे वळतो. तोंड काचेकडे, पाठ मैदानाकडे, आणि मागून दोघं पूर्ण वेगाने अंगावर येताहेत. खांद्यावरून एकदा नजर टाकायची, बस, तेवढाच वेळ. पुढचं त्याला जोडीदाराच्या आणि गोलीच्या आवाजावर सोपवावं लागतं: 'व्हील' म्हणजे घेऊन पळ, 'रिव्हर्स' म्हणजे जिकडून आलास तिकडे उलटा दे, 'ओव्हर' म्हणजे पलीकडे माझ्याकडे टाक. जुन्या संघात हे आवाज अंगवळणी पडलेले असतात. जोडीदार कुठे उभा असणार, सेंटर किती खाली येणार, हे न बघता माहीत असतं. नव्या ठिकाणी प्रत्येक वेळी क्षणभर विचार करावा लागतो, आणि त्या क्षणभरातच समोरचा येऊन थडकतो. आपल्याला घरी सोफ्यावरून दिसतं, 'बघ, पुन्हा पक घालवला!'

शिवाय बाजू. डाव्या हाताचे खेळाडू भरपूर, उजव्या हाताने स्टिक धरणारे बचावपटू कमी, म्हणून बऱ्याच डाव्यांना उजवीकडे खेळवतात. मग भिंतीलगत आलेला पक बॅकहँडवर येतो, ब्लू लाईनवर पक आत ठेवणं अवघड होतं. आणि पद्धत: एका संघात आपल्या गोलसमोर माणसाला माणूस धरायचा, दुसऱ्या संघात जागा राखायची. आठ वर्षं जागा राखलेल्याला अचानक माणूस धर म्हटलं, तर सुरुवातीला दोघंही एकाच माणसामागे धावतात आणि तिसरा मोकळा सुटतो. प्रशिक्षकाने सांगितलेलं काम आपल्याला दिसत नाही, मोकळा सुटलेला तेवढा दिसतो.

टायसन बॅरी आठवा. १ जुलै २०१९ला आपण नाझेम कद्री दिला आणि कोलोराडोहून बॅरी आणला. आदल्या हंगामात त्याचे ५९ गुण होते. माइक बॅबकॉकच्या हाताखाली त्याला एकही गोल जमला नाही. पहिल्या पॉवर प्लेवर मॉर्गन रिली, बॅरी दुसऱ्यावर. आक्रमणासाठी आणलेल्या माणसाला आधी बचावाचे धडे. नोव्हेंबरात बॅबकॉक गेला, शेल्डन कीफ आला, आणि कीफच्या पहिल्याच सामन्यात, ॲरिझोनात, बॅरीचा लीफ्ससाठी पहिला गोल. हंगामअखेर तो एडमंटनला गेला आणि २०२०-२१ मध्ये लीगमधल्या सगळ्या बचावपटूंत सर्वाधिक गुण त्याचेच होते, ५६ सामन्यांत ४८. मॅकडेव्हिड आणि ड्रायसायटलच्या पॉवर प्लेवर कुणालाही गुण मिळतील, असं तुम्ही म्हणाल. कुणालाही नाही, पण मुद्दा मान्य. बॅरी बचावात कच्चाच होता, एडमंटनमध्येही होता. त्यांनी त्याच्याकडून बचावाची अपेक्षा ठेवली नाही, एवढाच फरक. तो कच्चा आहे हे आणण्याआधी आपल्या व्यवस्थापनाला माहीत नव्हतं का? मग तो राग बॅरीवर कशाला?

आता तुमच्या बाजूने. मर्फीच्या वेळी लीगमध्ये पगारमर्यादा नव्हती. २००५ पासून ती आहे, आणि तिच्यामुळे चाहत्याच्या रागाला खरा आधार मिळाला आहे. एकाला जास्त दिलेला डॉलर दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातून कमी होतो. ऑलिव्हर एकमन-लार्सनचं व्हँकुव्हर प्रकरण घ्या. जुलै २०२१ मध्ये व्हँकुव्हरने नवव्या क्रमांकाची निवड आणि बरंच काही देऊन त्याला ॲरिझोनाहून आणलं, वर्षाला सव्वाआठ मिलियन डॉलरच्या करारासकट. दोन वर्षांत तो करार त्यांना विकत घेऊन मोडावा लागला, आणि त्याचं ओझं त्यांच्या पगारमर्यादेवर २०३०-३१ पर्यंत राहणार आहे. तिथल्या चाहत्यांनी बोंब मारली ती उगीच नव्हे. दुसऱ्या हंगामात तो खरंच वाईट खेळला. हेही खरं, की २०२२च्या जागतिक स्पर्धेत स्वीडनकडून खेळताना त्याच्या पायाचं हाड मोडलं होतं, आणि दोन हंगामांत त्याने तीन प्रशिक्षक पाहिले. पण सव्वाआठ मिलियनवाल्याकडून सबबी ऐकायच्या नसतात, हे व्हँकुव्हरकरांचं म्हणणं मला पटतं.

मला जे पटत नाही ते पुढचं. त्याच माणसाला फ्लॉरिडाने सव्वादोन मिलियनमध्ये एका वर्षासाठी घेतलं, झेपेल तेवढं काम दिलं, आणि जून २०२४ मध्ये सातव्या सामन्यात एडमंटनला हरवून त्याने कप उचलला. पाठोपाठ आपणच त्याला चार वर्षांसाठी टोरांटोत आणलं, आणि डाव्या हाताचा असून उजवीकडे उभं केलं. तेव्हा पार्किंगमध्ये म्हणणारे होतेच की, 'व्हँकुव्हरचा टाकाऊ माल आपल्या गळ्यात.'

फ्लॉरिडाचा हा धंदाच आहे म्हणा. गुस्ताव फोर्सलिंगला त्यांनी जानेवारी २०२१ मध्ये कॅरोलायनाने वेव्हरवर सोडल्यावर उचलला, फुकटात, आणि पुढे तो त्यांच्या पहिल्या जोडीचा खांब झाला. सेथ जोन्स शिकागोत साडेनऊ मिलियनच्या करारामुळे वर्षानुवर्षं शिव्या खात होता. त्याच्याभोवतीचा संघ व्यवस्थापनाने मुद्दाम मोडीत काढलेला, डब्रिंकॅट गेला, केन गेला, आणि हा रोज सगळ्यात कठीण मिनिटं खेळत राहिला. मार्च २०२५ मध्ये फ्लॉरिडाने त्याला घेतलं. १८ मेला स्कॉशियाबँक अरीनात आपला त्यांच्याशी सातवा सामना. पहिला गोल कुणाचा? सेथ जोन्सचा. शेवट ६-१. त्या रात्री आपल्या प्रेक्षकांनी बर्फावर जर्सी फेकल्या. जूनमध्ये जोन्सच्या हातात कप होता.

फ्लॉरिडाकडे जादू नाही. त्यांच्याकडे ठरलेली पद्धत आहे. पक मिळाला की पुढे, फॉरवर्ड खाली येऊन मदत करणार, बचावपटूने एकट्याने काही सोडवायचं नाही. नवा माणूस आला की त्याला त्या पद्धतीतलं एकच काम देतात. आपल्याकडे नवा माणूस आला की त्याने १९६७च्या शेवटच्या कपापासूनचं सगळं देणं फेडावं अशी अपेक्षा असते.

हुर्योबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ती आपल्या गावची आहे. २०२४च्या आयपीएलमध्ये वानखेडेवर हार्दिक पंड्याचं काय झालं ते आपण इथे बसून बघितलं. रोहितच्या जागी कर्णधार म्हणून आला हा त्याचा गुन्हा. निर्णय मालकांचा, हुर्यो त्याची. नाणेफेकीला संजय मांजरेकरांना स्वतःच्याच मुंबईकरांना नीट वागायला सांगावं लागलं. मुंबई इंडियन्स तळाला गेले. २९ जूनला बार्बाडोसमध्ये विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचं शेवटचं षटक हार्दिकने टाकलं, आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्याच नावाचा गजर झाला. तो बदलला नव्हता, टोपी बदलली होती. क्रिकेटमध्ये निदान दोन चेंडूंच्या मधे श्वास घ्यायला वेळ असतो. हॉकीतला बचावपटू पंचेचाळीस सेकंदांची शिफ्ट खेळतो, आणि हुर्यो त्याच्या कानावर पडते ती नेमकी पक मागून आणताना, जेव्हा त्याला जोडीदाराचा आवाज ऐकायचा असतो. एकदा हुर्यो ऐकली की तो सोपा पास टाळतो, चुकेल म्हणून. मग काचेवर मारतो. मग आपण म्हणतो, पक नुसता फेकून देतो.

माझी विनंती तुमच्या गप्पांसाठी आहे. एखादा नवा बचावपटू 'संपला' असा निकाल देण्याआधी काही गोष्टी बघून घ्या: त्याचा जोडीदार कोण, तो कुठल्या बाजूला खेळतोय, समोर कुणाची फळी असते, पॉवर प्ले मिळतो का, आणि जुन्या संघात यातलं काय वेगळं होतं. एखाद्या सामन्यात दहा मिनिटं पककडे न बघता फक्त त्याच्याकडे बघा. हे टीव्हीवर जमत नाही, कॅमेरा पकमागे धावतो. अरीनाचं तिकीट परवडत नसेल, आणि ते कुणाला परवडतं, तर लीफ्सच्या दुय्यम संघाच्या, म्हणजे मार्लीजच्या सामन्याला कोका-कोला कोलिझियमला जा, तिथे स्वस्तात सगळं मैदान दिसतं. एवढं बघूनही माणूस खरंच वाईट खेळत असेल, तर सांगा, मी तुमच्याबरोबर ओरडेन. फक्त ते ओरडणं त्याला आणणाऱ्यांच्या आणि वापरणाऱ्यांच्या दिशेने असू द्या. ते सूट घालून वर काचेच्या खोलीत बसतात, आणि तिथे आवाज पोचवायला आपल्याला जास्त जोर लावावा लागेल.

ब्रँडन कार्लोवरून आपल्यात भांडणं झालीच आहेत. २०१६ पासून बॉस्टनमध्ये खेळलेला माणूस, मार्च २०२५ मध्ये फ्रेझर मिंटन आणि पहिल्या फेरीची निवड देऊन घेतलेला. किंमत जास्त होती असं माझंही मत आहे, आणि ती कार्लोने ठरवली नव्हती. तो गुण मिळवणारा नाही, कधीच नव्हता. त्याच्यावर बोलायचं असेल तर मी पुढच्या कार्यक्रमाला पार्किंगमध्ये सापडेनच. फक्त येताना त्याच्या जोडीदाराचं नाव सांगायची तयारी ठेवून या.

आपला,
स्वस्त तिकिटांच्या वरच्या रांगेतला एक लीफ्सवाला